चारुलता मॅडमचं परत आलेलं वजन

तळोद्याच्या स्टँडवरून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपमध्ये एके काळी चारुलता मॅडमना दोन माणसांची जागा लागायची. जीपवाले तोंडानं काही म्हणायचे नाहीत. मधल्या सीटवर चौथा माणूस चढायला लागला की, "तिथं नको, मॅडम आहेत," एवढंच म्हणून त्याला मागं पाठवायचे. चारुलता खिडकीबाहेर बघत बसायची आणि ऐकू न आल्यासारखं करायची.

ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर जायचं, सेविका पोरांची वजनं नीट घेतात का ते बघायचं, शिजवलेला आहार चाखायचा, वजन न वाढणाऱ्या पोरांच्या आयांना समजावून सांगायचं, हे तिचं काम. पण गुडघ्यांनी दगा दिला होता. शुगर होती. जीप उतरली की पुढची चढण तिला जमायची नाही, मग सेविकेलाच खाली रस्त्यावर बोलावून घ्यायची. वरच्या पाड्यांवरची कितीतरी पोरं तिनं नुसती ऐकून माहीत करून घेतली होती. हे तिला मनातून खायचं.

सात वर्षांपूर्वी तिनं सुरतेला जाऊन वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुर्बिणीनं पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी बारीक नळी ठेवतात, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. नवरा हेमकांत हायस्कूलला मास्तर. तो आधी बिचकला, मग तयार झाला. सासू निर्मलाबाई मात्र ब्राह्मणपुरीहून खास तेवढ्यासाठी आल्या. "चांगली भली बाई, आनी पोट कापाले चालनी!" असं दारातच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पण ऑपरेशन झालं आणि चारुलता वितळायला लागली. वर्षभरात तिचं निम्मं अंग गेलं असं लोक म्हणायचे. शुगरच्या गोळ्या सुटल्या. गुडघे बोलायचे थांबले. ज्या पाड्यावर ती कधी पोहोचली नव्हती तिथं ती पायी चढून गेली तेव्हा तिथली सेविका प्रतिभा हातातलं काम टाकून उभीच राहिली. "मॅडम, तुम्हीच ना?" तिनं विचारलं.

त्यानंतरची तीन-चार वर्षं म्हणजे सोन्याचे दिवस. लग्नकार्यात बायका तिला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या. तीही भरभरून सांगायची. दुखतं का, खाता काय येतं, केस गळतात का. आणि शेवटी ठरलेलं वाक्य असायचं: "एकदा केलं की सुटलात बघा." हे ती पूर्ण खात्रीनं म्हणायची. तिला तसंच वाटत होतं.

पाचव्या वर्षाच्या सुमाराला बांगड्या घट्ट झाल्या. उन्हाळा आहे, हात सुजले असतील. मग ब्लाउज दंडाला रुतायला लागले. धुण्यात आटले असतील. तिनं एकेक करून आतली शिवण उसवून घेतली. आतलं सोडलेलं कापडही एके दिवशी संपलं, तेव्हा ती ऑफिसातल्या काट्यावर उभी राहिली. उतरली. परत उभी राहिली. काटा बिघडलाय असं वाटून तिनं भांडारातली एक सीलबंद गोणी त्यावर ठेवून पाहिली. गोणीवर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन सारखंच आलं. आयुष्यभर ती आयांना सांगत आली होती की काटा चुकत नसतो. आता तो चुकावा म्हणून ती धडपडत होती, आणि काटा काही चुकेना.

तिला कळेचना. ती खात तर काहीच नव्हती. अर्धी भाकरी, वाटीभर भाजी, त्यावर घास जायचा नाही. बळजबरीनं खाल्लंच तर छातीत दाटून यायचं. मग हे येतंय कुठून?

ज्याला त्याला उत्तर ठाऊक होतं. ऑफिसातले म्हणाले, थायरॉइड असेल. थायरॉइड तपासलं, नव्हतं. हेमकांत म्हणाला, "चारू, संध्याकाळी तू केळीचे वेफर्स खातेस." तिनं वेफर्स बंद केले. वजन होतं तिथंच राहिलं, आणि पुढच्या महिन्यात थोडं वाढलं. निर्मलाबाईंनी सुनेच्या ताटातल्या चिमणीएवढ्या घासाकडे बघून आपला निष्कर्ष काढला.

"तू ते चिडीसारखं खास. कापेल पोट परत वाढनं व्हई."

"तसं नसतं, आई. पोट काही परत उगवत नाही."

"मंग हाई अंग कोठून ई ऱ्हायनं?"

चारुलता ताट उचलून आत गेली. वर्षाला एकदा सुरतेला दाखवायला जायचं असायचं. तिनं ते सोडून दिलं होतं. डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं? हॉस्पिटलचा फोन आला की ती घेत नसे. एकदा हेमकांतनं घेतला तर तिनं हातानंच खूण केली, घरात नाही म्हणून सांगा.

गेल्या हिवाळ्यात ती प्रतिभाच्या अंगणवाडीवर गेली. चढणीवर दोनदा थांबली, पण पोहोचली. वजनं चालू होती. झोळीच्या काट्याला एक पोरगा लटकत होता, दीड वर्षाचा, पाय काड्यांसारखे. मागच्या दोन खेपांना वजन होतं तेवढंच होतं, आज त्याहूनही कमी भरलं. त्याची आई जमनी बाजूला उभी होती. चारुलतानं नेहमीचा सूर लावला. "घरी देतेस ना याला नीट? अंगणवाडीतून मिळालेला पाकिटातला आहार कोण खातं? सगळ्यांना वाटून टाकतेस का?"

जमनीला मराठी कळत होतं, पण ती बोलली आपल्या बोलीत, प्रतिभाकडे बघून. प्रतिभानं सांगितलं, "मॅडम, ती म्हणते, देते. चार वेळा देते. तो खातो, पण अंगाला लागत नाही."

हे वाक्य चारुलतानं नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्याचा अर्थच राहिला नव्हता. खायला घातलं तर लागणार नाही, असं कसं होईल? तिनं नुसती मान हलवली, तोंड वाकडं करून.

जमनी पुन्हा काहीतरी बोलली. या वेळी प्रतिभा वजनाच्या वहीत बघू लागली.

"काय म्हणते?"

"काही नाही, मॅडम."

"सांग ना."

प्रतिभा पदराशी चाळा करत म्हणाली, "ती विचारते, मॅडम काय खातात. त्यांच्या अंगाला लागतं. तेच याला देऊन बघते म्हणते."

बाकीच्या बाया हसल्या नाहीत. जमनीच्या चेहऱ्यावरही चेष्टा नव्हती. तिला खरंच हवं होतं. "मी... मी फार काही खात नाही," चारुलता म्हणाली. प्रतिभानं ते जमनीला सांगितलं. जमनीनं चारुलताला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि हळूच मान हलवली, तोंड वाकडं करून.

ती नजर चारुलताला पुरती ओळखीची होती. ही बाई खोटं बोलतेय, आणि तोंडावर म्हणायला नको म्हणून आपण गप्प बसतोय, अशी ती नजर. तिनं स्वतः ती किती आयांना दिली होती कोण जाणे.

तिनं पोराला झोळीतून काढून मांडीवर घेतलं. अंग कोमट होतं. "ताप असतो का याला? संध्याकाळी?" तिनं विचारलं. असायचा, जमनी म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. चारुलतानं परतीच्या जीपनं मायलेकरांना तळोद्याला आणलं. तिथून त्यांना पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तपासण्या झाल्या, आणि पोराच्या छातीत टीबी निघाला. आई खायला घालत होती. रोज, चार वेळा. आजार सगळं खाऊन टाकत होता.

हे कळल्यावर चारुलता दोन दिवस तेच मनात घोळवत राहिली. ज्या बाईवर आपण विश्वास ठेवला नाही ती खरी निघाली, मग आपणही खरे असू का? की आपण खरंच खातोय आणि आपल्यालाच दिसत नाहीये? तिला दोन्ही खरं वाटत होतं. रविवारी तिनं हेमकांतला म्हटलं, "अहो, सुरतेला जाऊन येऊ."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यामुळे ती आणखीच अवघडली. आधी त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय तोंडात जातं ते विचारलं. चारुलतानं अर्धी भाकरी, वाटीभर भाजी सांगितली.

"आणि फिरतीवर?"

"फिरतीवर काही नाही. चहा."

"किती ठिकाणी?"

"जिथं जाते तिथं. नाही म्हटलं तर सेविकांना वाईट वाटतं."

"साखरेचा?"

"हो. गुळाचाही असतो कधी."

हेमकांत मध्येच म्हणाला, "आणि ते चाखायचं असतं ना तुला." बाईंनी विचारलं, काय चाखायचं असतं? मग सांगावं लागलं. पोरांना देण्याआधी खिचडी, शिरा, लाडू, जे असेल ते पर्यवेक्षिकेनं चाखून बघायचं. चमचाभर. कधी बशीभर, कारण सेविका वाढतात. चारुलता चकित होऊन आपल्याच नवऱ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं ते खाणं म्हणून धरलंच नव्हतं. ते काम होतं.

"म्हणजे याच्यामुळेच," ती म्हणाली. तिला जवळजवळ बरं वाटलं. निदान काहीतरी सापडलं.

पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये ते उत्तरही विस्कटलं. "त्यानं काही वाढलं असेल," ते म्हणाले. "पण सगळं नाही. पोटाची नळी थोडी सैल होते. सुरुवातीला दबलेली भूक पुन्हा जागी होते. पाळी जाण्याचं वय आहे तुमचं. आणि शरीराला आपलं जुनं वजन आठवत असतं, ते तिकडं ओढत राहतं. पुष्कळांचं थोडंफार परत येतं. आम्ही ऑपरेशनच्या आधी सांगतो, पण तेव्हा कुणी ऐकत नाही."

"मग माझी चूक किती?"

"ते मलाही मोजून सांगता येणार नाही, ताई."

ती तिथं शिव्या खायला तयार होऊन गेली होती, नाहीतर सुटका मागायला. दोन्ही मिळालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, प्रथिनं वाढवा, गोड चहा सोडा, चालत राहा, पुढं लागलं तर औषध देऊ, दुसऱ्या ऑपरेशनचा विचार आत्ता नको, आणि दर तीन महिन्यांनी या, लपून बसू नका. परतीच्या वाटेवर हेमकांत म्हणाला, "शुगर अजून काबूत आहे म्हणाले. गुडघेही ठीक. हे काय कमी आहे?" कमी नव्हतं. तरी तिला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिला सांगता येईना.

चार दिवसांनी सारंगखेड्याहून नूतन आली. हेमकांतची चुलत बहीण, चारुलताला मानणारी. तिचंही वजन अफाट होतं आणि श्वास लागायचा. आत येऊन बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वहिनी, मी ऑपरेशननी तारीख लई लिधी. तुमले देखीसनच ठरायं व्हतं." मग तिची नजर चारुलताच्या दंडांवर गेली, आणि ती अडखळली. "आते खरं सांगा. करू का नको करू?"

ठरलेलं वाक्य चारुलताच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच विरलं. कर म्हणावं तर हे अंग समोर बसलेलं. नको म्हणावं तर चढून गेलेले सगळे पाडे खोटे पडणार. ऑपरेशन नसतं तर जमनीच्या पोराला तिनं पाहिलंच नसतं.

"माले बी समजी नई ऱ्हायनं, नूतन," ती शेवटी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते की एकदा केलं की सुटलं. तसं नाही. पण केलं नसतं तर मी आज चालत नसते, हेही खरं. दोन्ही ऐक, आणि तू ठरव. तू करशील तर मी सोबत येईन. नंतर वजन परत आलं तर माझ्यासारखी लपू नको, एवढंच."

नूतन गोंधळून बघत राहिली. तिला सरळ उत्तर हवं होतं. संध्याकाळी जाताना ती नाराज होती हे दिसत होतं. तरी महिन्याभरानं तिनं ऑपरेशन केलं, आणि चारुलता सुरतेला तिच्या उशाशी दोन दिवस बसली, घोट घोट पाणी कसं घ्यायचं ते दाखवत.

चारुलता आता बिनसाखरेचा चहा मागते. काही सेविकांना ते अजून रुचत नाही. आहार ती चमच्याच्या टोकानं चाखते. पहिल्या दोन महिन्यांत तिचं वजन उतरलं, तिसऱ्यात थांबलं, आणि गेल्या महिन्यात काहीही वेगळं न खाता जरासं चढलं. तिनं तसंच ते डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बघू. जमनीचा पोरगा औषधावर आहे आणि भरतोय. त्याच पाड्यावर आणखी एक पोर आहे, ज्याचं वजन वाढत नाही आणि तपासण्यांत काही निघत नाही. त्याच्या आईला चारुलता आता फक्त विचारते, काय खातो, कधी खातो, झोपतो कसा. ती सांगेल ते ऐकते आणि तसंच लिहून घेते.