भाऊचं नशीब, गुरुजींची व्यवस्था

शेणव्याला माझी भातगिरणी. गिरणीतला कोंडा आणि किस्से कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग! निम्मे किस्से ओट्यावर बसणाऱ्या दोघांचे. एक भाऊ, भातशेतीवाला. त्याचा मंत्र एकच, "ज्याचं त्याचं नशीब!" दुसरे गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, भीमजयंतीला सगळ्यात पुढे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "नशीब नाय रे, व्यवस्था!" हे भांडण ऐकत मी म्हातारा झालो. मजेत झालो. दोघांचे उपकारच आहेत.

*

एकदा ओट्यावरच बीपी तपासायचा कॅम्प लागला. भाऊचं बीपी नॉर्मल, गुरुजींचं आभाळाला!

"बघा! नशिबावर सोडलं की झोप लागते," भाऊ खूश.

"झोप रे बाबा," गुरुजी म्हणाले, "गावात कोणीतरी जागं पाहिजे ना!"

*

तानसाचं धरण आमच्या उशाशी, पण पाणी मुंबईला; उन्हाळ्यात आमच्याच बायांच्या डोक्यावर हंडे. गुरुजींनी शहापूरच्या कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी नळ आला, तो पहिला भाऊच्या आळीत!

"नशीब लागतं, गुरुजी!"

दुसऱ्या दिवशी भाऊची बायको सुकटीचं कालवण घेऊन गुरुजींच्या दारात. म्हणाली, "आमच्या यांचं नशीब तुमीच खेटे घालून आणलंत."

*

डॉक्टरांनी गुरुजींना बजावलं, "पेपर बंद, टीव्ही बंद, वाद बंद!" बीपी उतरलं, पण माणूसही उतरला. धड जेवण नाय, बोलणं नाय. शेवटी त्यांची बायको, शालनताई, गिरणीवर आली.

"भाऊ, जरा घरी भांडायला चला ना!"

भाऊ गेला, तासभर कडाक्यानं भांडला. गुरुजी त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवले. गोळ्या मात्र चालूच ठेवल्या, नायतर शालनताईंनी दोघांनाही सोडलं नसतं.

*

गेल्या साली गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण एक हात आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. शालनताई थकल्या, मी थकलो. गुरुजी नुसते आढ्याकडे बघायचे. रिकामा ओटा बघून मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू?

भाऊ रोज जायचा, गप्प बसून यायचा. एक दिवस मात्र खाटेवर वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "गुरुजी, झटका तुमालाच का आला? नशीब! दुसरं काय?"

शालनताईंच्या हातून पेला पडला. मी भाऊचा दंड धरला.

गुरुजींचं तोंड थरथरलं. "व्य... व्य... व्यवस्था!"

भाऊ ढसाढसा रडायला लागला. "बरोबर, गुरुजी! तुमचंच बरोबर! मी हरलो!"

गुरुजींनी बरा हात उचलून भाऊचा कान धरला.

"पुन्हा... बोल!"