आईने फायरवॉलला घातलेला हार

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते आम्हाला तिथे न्यायचे. आई त्यांच्या लेथला हळदकुंकू वाहायची, झेंडूचा हार घालायची आणि सख्ख्या दिराची करावी तशी त्या मशीनची विचारपूस करायची. वडील गेल्यावर ती पूजा राहूनच गेली. पण नोकरी म्हणजे मशीन, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी चाकणच्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. शेजारणींना मात्र ती सांगायची, "कंपनीत असतो. फोन बघत बसतो." ते ऐकून माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी मी कंपनीच्या फायरवॉलवर एसएनएमपी चालू केलं. फायरवॉल म्हणजे आमच्या नेटवर्कचं गेट, आणि एसएनएमपी म्हणजे त्या गेटावरच्या वॉचमनची तब्येत विचारायची पद्धत. एक सर्व्हर त्याला सारखा विचारत राहतो, तापलास का, दमलास का? उत्तर वाईट आलं की माझा फोन वाजतो, तब्येत सुधारली की पुन्हा वाजतो. सुरुवातीला मी तापमानाची मर्यादा इतकी खाली ठेवली की फोन उठसूट कोकलायला लागला. "जेवताना तरी ठेव की तो फोन!" आई करवादायची. मर्यादा थोडी वर सरकवली, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

त्या खंडेनवमीला मी हट्टाने आईला कंपनीत नेलं. माझं काम तिला एकदा दाखवायचंच होतं. आदल्या दिवशी ती हार ओवत बसली, तोही लेथच्या मापाचा. पुनावळ्याहून चाकणपर्यंत तो मांडीवर घेऊन आली. सर्व्हर रूममध्ये मी कपाटाचं काचेचं दार उघडलं आणि मिठाईच्या खोक्याएवढी फायरवॉल तिला दाखवली.

"एवढंच हाय व्हय रे?" आई म्हणाली.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच वाईट वाटलं. तिने मात्र हार चार पदरी करून मशीनच्या तोंडावरून सोडला, हळदकुंकू लावलं, हात जोडले. मी दार लावलं आणि आम्ही खाली मशीन शॉपवर आरतीला गेलो.

आरती झाली आणि पेढा तोंडात असतानाच फोन वाजला. फायरवॉल तापली होती.

"कुणाचा रे?"

"आत्ता तू हार घातलास ना, त्या मशीनचा. गरम होतंय म्हणतंय."

ती माझ्याआधी जिना चढली. मी दार उघडलं. हवा आत घेणारी सगळी भोकं झेंडूने बुजली होती.

"अगं बाई, लेकराचं नाकच दाबलं की मी!" म्हणत तिने हार ओढून काढला. आम्ही तिथेच उभे राहिलो. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला.

"आता काय म्हणतंय?"

"बरं वाटतंय म्हणतंय."

आई खुदकन हसली. हार तिने कपाटाच्या कडीला बांधला, भोकं मोकळी आहेत ना ते वाकून बघितलं आणि मशीनला म्हणाली, "काही झालं तर ह्याला सांगत जा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

हल्ली जेवताना फोन वाजला की आई ओल्या हातानेच तो घेऊन येते. बहुतेक वेळा कर्ज घ्या म्हणणारी कुणी बाई असते. पण आईला तेवढा धीर नसतो. "ऊठ, बघ आधी त्याला काय होतंय," म्हणते आणि माझं ताट झाकून ठेवते.