पॅरिसची टेकडी आणि आईचे गुडघे

मंडळी, दादाचं पुन्हा तेच! आई पहिल्यांदा इंग्लंडला आमच्याकडे येतेय, आणि बर्मिंगहॅमचा माझा थोरला भाऊ पॅरिसच्या सहलीत तिला मॉन्मार्त्रच्या टेकडीवरच ठेवणार. खोली स्वस्त, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही.

"आई दरवर्षी जेजुरी चढते की," म्हणे.

अरे, ती खंडोबासाठी चढते, आपल्या काटकसरीसाठी नाही.

आज इथे लंडनच्या हॅरोत दिवसभर खोकी उचलून आलो आणि साताऱ्याला फोन लावला. आई म्हणाली, "चढेन रे, तुम्ही भांडू नका." मग ताईने फोन घेतला आणि हळूच सांगितलं, यंदा आई पायथ्याशीच बसली, नारळ शेजारणीच्या हाती वर पाठवला.

थकलो बुवा. पॅरिसला जाऊन आलेल्यांनो, स्टेशनाजवळ सपाटीवरचं, लिफ्टवालं हॉटेल कोणतं?

दादा, वरचा खर्च माझा. साठ पौंड पाठवतोय.