मेडरूममधलं रेकॉर्डिंग

इथं आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मोलकरणीसाठी बांधलेली एक खोली आहे. तिला खिडकी नाही. आम्ही तिथं सुटकेसी ठेवायचो. गेल्या जुलैत मी तिथं बसून पुण्याच्या एका प्रकाशकांच्या ऑडिओबुकसाठी एक पुस्तक मराठीतून रेकॉर्ड केलं. एसीचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून एसी बंद, दाराच्या फटीला रजई.

पुस्तक होतं एका जुन्या अमेरिकन ब्लूज गायिकेचं चरित्र. शेजाऱ्याच्या गिटारवर ती शिकली, बाजाराच्या दिवशी रस्त्यावर गायली, तिच्या दोन-तीन रेकॉर्डी निघाल्या. मग लग्न झालं आणि पुढची चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे धुतले.

मी लग्नाआधी पुण्यात रेडिओवर निवेदन करायचे. नवऱ्याच्या व्हिसावर इथं येऊन नऊ वर्षं झाली. आधी नोकरी शोधली, मग मुलगी झाली, मग शोधणंच खलास.

म्हातारपणी एक तरुण त्या बाईला हुडकत येतो आणि तिच्या मांडीवर गिटार ठेवतो. तिची बोटंच वळत नाहीत. ते वाक्य मला पुरं करता येईना. पाच वेळा वाचलं, पाचही वेळा घसा दाटला. घामानं कागद ओला झाला.

मुलीनं दार वाजवलं. "Mumma, are you crying in there?"

"नाही गं, काम करतेय."

"But you're not even talking."

संध्याकाळी नवऱ्यानं लिंबू सरबत करून दिलं. "एवढा त्रास कशाला घेतेस? आवड म्हणूनच करतेस ना?" तो मायेनंच बोलला. मी ग्लास विसळून ठेवला.

दाटलेल्या आवाजातलंच रेकॉर्डिंग मी पाठवून दिलं. दोन दिवसांनी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. "ताई, तेवढा भाग परत करून द्या. रडवेला वाटतोय. सगळं एकसारखं हवं."

नाही म्हणता आलं असतं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सपाट आवाजात वाचून टाकलं. पुढे ती बाई पुन्हा गायला लागते, मोठ्या सभागृहांतून गाते, तेही तसंच वाचलं.

पुस्तक ऐकून मावशीचा फोन आला. "आवाज अगदी रेडिओवरच्यासारखा लागलाय गं!"

सध्या मधुमेहींच्या आहारावरचं पुस्तक वाचतेय. त्यात कुठंच अडखळायला होत नाही.