नातं: मावशी

मी निघाले त्या दिवशी मिशन कंपाउंडच्या गेटपाशी जीप उभी होती आणि पप्पा प्रार्थना करत होते. पप्पा आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. त्यांची प्रार्थना लांबणार असं दिसलं की ड्रायव्हर गाडी बंद करायचा आणि संपत आली की बरोबर चालू करायचा, इतकी त्याला सवय झाली होती. माझ्या पर्समध्ये ओहायोच्या विद्यापीठाचं पत्र होतं. सार्वजनिक आरोग्य शिकायला मी अमेरिकेला चालले होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त दोघींचे, माझे आणि वहिनीचे.

वहिनी चिंचेखाली उभी होती, बाकीच्यांपासून चार पावलं लांब. लांब उभी राहा असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. न म्हणताच तिला तिची जागा कळायची, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक ती तिला कळू देत होतो. 'आमेन' झालं, मी जणू मुंबईपर्यंतच चालले होते तसे सगळ्यांनी मला सलाम केले, आणि मग ती पुढे आली. म्हणाली, "ताई, त्या फॉर्मात तुम्ही काय लिहिलं वो?"

मी म्हटलं, "काही नाही वहिनी, नियमाचं असतं ते."

देश सोडताना मी घरच्या माणसाशी बोललेलं हे शेवटचं वाक्य, आणि ते खोटं होतं.

फॉर्मचं सांगते. माझा थोरला भाऊ पेट्रोलच्या टँकरवर होता. तो एचआयव्हीने गेला तेव्हा वहिनीलाही लागण झाल्याचं कळलं. त्यांची मुलगी सलोमी सहा वर्षांची. तिची टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, आईचं किती दिवस ते सांगता येत नाही, मुलीची सोय बघा. सोय म्हणजे तालुक्याचं बालगृह. तिथे शाळा इंग्रजी, जेवण वेळेवर, पण घ्यायचे फक्त अनाथांना. फॉर्म मी भरला. मी, जी कॉलेजात असल्यापासून एचआयव्हीवर पत्रकं लिहीत होते, स्टँडवर उभं राहून वाटत होते, 'आजाराशी लढा, आजारी माणसाशी नको' असं ठळक अक्षरांत छापत होते. वडील: मयत. आई: मयत. पप्पांनी पाळक म्हणून खाली शिक्का मारला आणि माझा हात थांबलेला बघून म्हणाले, "कागदाला भावना नसतात, पोरी. कागद भर आणि मोकळी हो."

आई मयत म्हटल्यावर भेटायला येणारी बाई कोण? रजिस्टरमध्ये चार रकाने होते. नाव, सही, वेळ, नातं. वहिनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायची आणि नात्याच्या रकान्यात लिहायची: मावशी. ती अक्षरं तिला मीच शिकवली होती. वाचायलाही ती माझ्या पत्रकांवरच शिकली होती. सलोमीलाही मीच बसवून सांगितलं, तिथल्या बाईंसमोर आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं हं. पोरगी हुशार. दोन बोटांवर मोजून म्हणाली, "घरी आई, गेटात मावशी." लंगडीचा नियम पाठ करावा तसं.

तर अशी मी, पत्रकं लिहिणारी, डब्लिनला आले. ओहायोतलं डब्लिन, कोलंबसच्या शेजारचं. तिथल्या कुलकर्णी काकांनी बेसमेंटमधली खोली भाड्याने दिली. काका मूळ पुण्याचे, इन्शुरन्स कंपनीत कम्प्युटरच्या कामावर. काकूंनी पहिल्या दिवशी पोहे केले आणि बशी हातात देताना विचारलं, "रूथ म्हणजे गोव्याच्या का तुम्ही?"

"नाही काकू, नगर जिल्हा."

"अगं पण ख्रिश्चन ना? मग घरी काय बोलता?"

"भाकरी-पिठलं खातो आणि मराठीच बोलतो."

काका पेपरमागून म्हणाले, "आणि तुझ्यापेक्षा बरं बोलते ती. तू परवा 'भाजी रिटर्न केली' म्हणालीस." त्यांची मुलगी रिया तेव्हा आठ वर्षांची. काकूंनी तिला पुढे ढकललं, "ही रूथमावशी हं. से हाय टू मावशी." ती म्हणाली, "हाय, मावशी," आणि टीव्हीकडे गेली. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. अमेरिकेत मराठी मुलांना प्रत्येक बाई मावशी असते. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये एकेका पोराला पंधरा मावश्या. काही खर्च न होणारा शब्द आहे तो इथे. मला प्रत्येक वेळी रजिस्टरचा रकाना दिसायचा.

विद्यापीठाजवळच एका मिशन बोर्डाचं ऑफिस होतं. एचआयव्हीने गाठलेल्या आफ्रिकेतल्या मुलांचं आणि घरांचं काम ते झांबियात करत. शाळेचे कपडे, मक्याचं पीठ, औषधं, घरी जाऊन सेवा. मला तिथे पार्टटाइम काम मिळालं, पत्रकं लिहायचं. ही माणसं वाईट नव्हती हे आधीच लिहून ठेवते, कारण वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं. माझी पणजी दुष्काळात मिशनच्या दारात आली आणि जगली, अशाच लोकांच्या पणजोबांनी बांधलेल्या दारात. ऑफिसमध्ये हे कळल्यावर सगळे हळवे झाले. मी हळवी झाले नाही. उपकार झाले म्हणून तोंड शिवून घ्यायचं असतं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. शिकवायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला.

ईस्टरच्या पत्रकासाठी एक फोटो आला. गणवेशातली मुलगी, सातेक वर्षांची, नाव मर्सी. तिच्या खांद्यावर मोठ्या माणसाचा हात, आणि हाताच्या मागे छिटाचं कापड गुंडाळलेली एक बाई. फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'मर्सी, सोबत बाना मर्सी.' आमची मुख्य कॅरल, पांढऱ्या केसांची, आवाज कधी न चढवणारी बाई. तिने फाईल उघडून दाखवली. वडील एड्सने गेले. पालक: बाना, नातेवाईक. मग तिने कम्प्युटरवर बाई कापली. खांद्यावरची बोटं राहिली होती, तीही कापली. आणि मला म्हणाली, वर लिही, 'मर्सी अनाथ आहे.'

मी लिहिलं. तेही सांगून टाकते. पत्रक छापून गेलं, मिसूरी आणि इलिनॉयमधल्या चर्चमध्ये वाटलं गेलं, आणि एक गठ्ठा झांबियाच्या केंद्रावरही गेला. तिथल्या कामाचे प्रमुख मिस्टर मुलेंगा. मी त्यांना सहज ईमेलमध्ये विचारलं होतं की ही बाना नावाची बाई मर्सीची कोण लागते, पुढच्या पत्रकात तिच्याबद्दलही लिहीन म्हणते. त्यांचं उत्तर दोन परिच्छेदांचं होतं. बाना हे नाव नाही, त्यांनी लिहिलं होतं. आमच्याकडे मूल झालेल्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. बाना मर्सी म्हणजे मर्सीची आई. दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य. पत्रक केंद्राच्या भिंतीवर लावलं होतं, ते पाहून बाना मर्सी विचारत होत्या, अमेरिकेत मी मेलेली आहे का?

बाहेर पार्किंगमधला बर्फ मीठ टाकून वितळवत होते. मी ते बघत बसले. आमच्या कंपाउंडमध्येही हेच. वहिनीचं नाव शांता. सलोमी झाल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. सलोमीची आई पाण्याला गेली, सलोमीच्या आईला बरं नाही, सलोमीच्या आईला बोलवा. शांता हे नाव इतक्या वर्षांत मी एकदाच वापरलं, त्या फॉर्मवर, आणि त्याच्यापुढे मयत लिहिलं.

मी ईमेल छापून कॅरलकडे गेले. तिने वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं की आई-वडिलांपैकी एक जरी गेलं तरी त्या मुलाला अनाथ धरायची पद्धत आहे, जगभर. टेक्निकल टर्म आहे, रूथ. मी म्हटलं, माझ्या भाषेत तो शब्द टेक्निकल नाही. ज्याला कुणी नाही तो अनाथ. जिवंत आई असलेल्या पोरीला अनाथ म्हणायचं तर आधी आईला मारावं लागतं, आणि आपण तिला कम्प्युटरच्या कात्रीने मारलं. कॅरल म्हणाली, लोक मुलाकडे बघून हात पुढे करतात, आजारी आईकडे बघून प्रश्न विचारतात. हे तिने निर्दयपणे म्हटलं नाही. इतकी वर्षं पाहिलेलं होतं ते म्हटलं. म्हणूनच मला जास्त संताप आला. मुलगी निष्पाप, मग आई कोण? आम्ही येशूचं नाव घेणारे लोक, आणि आमचं पत्रक आधी पापाचा दाखला तपासून मग दया करणार. मी तिला सांगितलं, पुढच्या पत्रकात तो हात परत आला तर मी लिहीन, नाही तर नाही.

मग तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे इंडियात वेगळं करतात का?"

सगळं भांडण तिथे संपलं. मी म्हटलं, "नाही. असंच करतात. मी स्वतः केलंय."

तोवर घरून वेगळ्या बातम्या यायला लागल्या होत्या. सिव्हिल हॉस्पिटलला औषधं फुकट मिळायला लागली होती. वहिनी दर महिन्याला एसटीने जाऊन गोळ्या आणत होती. वजन वाढलं, ब्लाउज उसवून घ्यावे लागले. पप्पा फोनवर सांगत, देवाची कृपा. होतीच. पण ज्या बाईच्या मरणावर आम्ही कागद केला होता ती मरत नव्हती, आणि दर पहिल्या रविवारी जिवंतपणी जाऊन मावशी लिहीत होती.

त्या आठवड्यात मी बालगृहाच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. आयुष्यात इतकी पत्रकं लिहिली, हे सगळ्यात छोटं. सलोमीची आई जिवंत आहे. फॉर्म मी भरला, खोटा भरला. रजिस्टरमधली मावशी तीच आई आहे. शिक्का मारणाऱ्या पाळकांना मीच गळ घातली. शेवटचं वाक्य अर्धंच खरं होतं. पण पत्र टाकण्याआधी मी एक गोष्ट केली जी फॉर्म भरताना केली नव्हती. कॉलिंग कार्ड घेतलं, वहिनीला फोन केला आणि विचारलं. सांगितलं की पोरीची शाळा जाईल, इंग्रजी जाईल, तुमच्या आजाराचं सगळ्या तालुक्याला कळेल. कार्डाची मिनिटं जात होती. मग ती म्हणाली, "ताई, मी तिथं गेले की ती मला मावशी म्हणते आणि आवाज बारीक करून मनात आई म्हणते. मला ऐकू येतं. टाका पत्र."

आठ दिवसांत सलोमीची पेटी घरी आली. नियम म्हणजे नियम. ती आता कंपाउंडमागच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. वर्गातल्या दोन आयांनी आपल्या मुली दुसऱ्या बाकावर हलवल्या. आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस, पाहुणा दारात आला की सलोमी वहिनीला मावशी म्हणायची. कुणी सांगत नव्हतं. मी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं होतं. ज्यांना वाटतं कागदाला भावना नसतात त्यांनी हे ऐकून ठेवावं. कागदावर लिहिलेलं पोराच्या तोंडात जाऊन बसतं, आणि तिथून ते खोडरबराने निघत नाही.

पप्पा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मंडळीच्या पंचांपुढे त्यांना उभं राहावं लागलं. त्यांनी मला ढालीसारखं पुढे केलं नाही. शिक्का माझा आहे, एवढंच म्हणाले. हे मला मम्मीने सांगितलं.

इकडे ऑफिसने मला पत्रकांवरून काढून पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसवलं. एक अख्खं सेमिस्टर मी पत्ते चिकटवले. पुढचं पत्रक दुसऱ्या कुणी लिहिलं. त्यात 'अनाथ' होतंच. पण फोटोत मर्सीच्या खांद्यावर हात होता, आणि हाताच्या मागे बाना मर्सी होती, छिटाच्या कापडासकट, अख्खी. कॅरलने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या कामाला गेली. शब्द राहिला, बाई परत आली. ह्याला मी जिंकणं म्हणत नाही. पण मुलेंगांनी कळवलं की बाना मर्सींनी ते पत्रक भिंतीवरून काढून घरी नेलं.

आता दोन हजार आठ चालू आहे. शिक्षण संपलं, मी इथेच, कोलंबसच्या एका क्लिनिकमध्ये आहे. इथल्या आपल्या लोकांना मी आवडतेच असं नाही. गणपतीच्या हॉलवर मी एचआयव्हीचं टेबल मांडलं तेव्हा एक काका म्हणाले, "अगं, सणाच्या दिवशी कशाला? आपल्यात नसतं असलं काही." मी म्हटलं, "काका, माझ्या घरात आहे. मी आपल्यातली नाही का?" कुलकर्णी काकूंनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या टेबलामागे येऊन बसल्या. म्हणाल्या, "बोलू दे त्यांना. मला सांग, ह्यातलं कुठलं पत्रक मी वाटू?" रिया म्हणाली, "आई, यू डोंट इव्हन नो व्हॉट इट सेज." काकू म्हणाल्या, "वाचून वाटते. तू पण वाच."

घर म्हणजे काय, असं निघून गेलेल्या माणसाला सगळे विचारतात. माझ्यासाठी आता ते कंपाउंड नाही आणि ओहायोचं बेसमेंटही नाही. ज्या कागदावर जिवंत माणूस जिवंत लिहिलेला आहे, तिथपर्यंत माझं घर. त्याच्या पलीकडे माझं काम.

गेल्या रविवारी फोन केला. पप्पांनीच उचलला. मागे बरीच माणसं बोलत होती, पंचांची मिटिंग होती घरात. आमचं बोलणं आता सुरू झालंय, पण मोजकं. फॉर्मवर शिक्का मारल्यापासून ते तिला कुणाच्या देखत सलोमीची आई म्हणत नव्हते. मी वहिनीला बोलवा म्हटलं की रिसीव्हरवर हात ठेवून, आवाज खाली करून नुसतं 'अहो, फोन' म्हणायचे. ह्या वेळी हात ठेवला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि उपदेशाच्या वेळी लावतात त्या आवाजात पप्पांनी हाक मारली, "अहो सलोमीची आई, तुमचा फोन आहे."

आणि सगळ्या पंचांच्या देखत, अंगणातून दुसरा आवाज आला, बारीक नसलेला. "आई, आत्याचा असंल, पळ."