डोंगरे काकांच्या नकाशावर माझं नाव

डोंगरे काका आज सकाळी गेले.

आणि ज्यांनी त्यांना तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवलं, तेच सगळे ऑफिसच्या ग्रुपवर 'हमारे मार्गदर्शक' लिहून हात जोडून राहिले.

मीपण जोडले. मग डिलीट केले.

काका आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायचे. वीस वर्षं. तीन बिल्डिंगा, प्रत्येक मजल्यावरचा, डेटा पुढे पाठवणारा प्रत्येक स्विच त्यांनी हातानं लावलेला. सगळे त्यांना 'डोंगरे जी' म्हणायचे. मी काका म्हणायची, कारण आयटीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

दोन वर्षांपूर्वी मॅनेजमेंटनं नवी सिस्टीम आणली. सगळं नेटवर्क एका सॉफ्टवेअरच्या ताब्यात. त्याला कंट्रोलर म्हणतात. डेटा कुठून कुठे जाणार हे तोच ठरवणार, स्विच फक्त हुकूम पाळणार.

काकांचा विरोध नव्हता. हे लिहून ठेवते, कारण आज लोक 'पुराने खयाल के थे' म्हणून राहिले.

ते म्हणाले, "नवीन घ्या ना. पण आयसीयू, लॅब अन् ब्लड बँक, इथं खाली जुनं राउटिंग राहू द्या. कंट्रोलर वरून चालवेल. तो झोपला तर स्विच आपापला रस्ता शोधतील."

पेन्सिलनं अख्खा नकाशा काढला होता त्यांनी.

तो प्लॅन मी स्वतः टेस्ट केला. टेबलावर चार स्विच, दोन दिवस. कंट्रोलरची वायर उपटली तरी डेटा जात राहिला.

"बघ, चालून राहिलं ना!" काका लहान पोरासारखे खूश.

मग मीटिंग झाली. आमचे साहेब म्हणाले, "डोंगरे जी, आप अभी भी लैंडलाइन के ज़माने में हैं." सगळे हसले.

साहेबांनी मला विचारलं, "आप बताइए, आपने तो नया सब पढ़ा है."

काका माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "सर, पूरा नया ही ठीक रहेगा."

माझं प्रोबेशन संपायला एक महिना होता. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात काकांना स्टोअरमध्ये पाठवलं. जुन्या मॉनिटरवर बारकोड चिकटवायला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये भेटले. खमरियाला घरी निघाले होते, हेल्मेट हातात.

"तुला माहीत होतं ना?"

"हो काका."

"मग काहून नाही बोललीस?"

त्यांनी स्कूटर काढली अन् गेले.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, अपडेट करताना कंट्रोलर बसला. त्याच्या जोडीचा बॅकअपही बसला. तिन्ही बिल्डिंगा ठप्प. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट टेबलावर, आणि रक्ताची मागणी ब्लड बँकेपर्यंत पोचेना. वॉर्डातली माणसं चिठ्ठ्या घेऊन जिन्यानं धावली.

पेशंट वाचला. त्यांच्या पायांमुळे. आमच्यामुळे नाही.

साहेब स्वतः तळघरात गेले काकांना बोलवायला. काका आले. लॅपटॉपला केबल लावली आणि मजल्यामागून मजला, एकेका स्विचवर जुनं राउटिंग घातलं. गुडघे दुखायचे त्यांचे. दीड तासात आयसीयू सुरू झालं.

त्यानंतर काकांचाच प्लॅन पास झाला. आता त्याला 'हायब्रिड आर्किटेक्चर' म्हणतात.

भोपाळला त्या प्लॅनचं प्रेझेंटेशन झालं. स्लाइडवर पहिलं नाव साहेबांचं, दुसरं माझं. स्लाइड मीच बनवल्या होत्या. पेन्सिलचा नकाशा समोर ठेवून, एकेक रेघ कॉम्प्युटरवर उतरवली.

तिसरं नाव लिहायला किती वेळ लागला असता?

त्या वर्षी काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. वय झालं, म्हणाले. बुके दिला. फोटोत मीपण आहे, हसून राहिली.

नंतर त्यांना अटॅक आल्याचं कळलं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत मी गेले नाही.

आज ग्वारीघाटावर, अंत्यविधीला जाण्याआधी त्यांच्या घरी गेले. काकूंना नाव सांगितलं. म्हटलं, "काका माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

काकू म्हणाल्या,

"नाही गं बाई. ऑफिसातल्या सगळ्यांबद्दल बोलायचे. तुझं नाव कधी ऐकलं नाही."

काका, नकाशा तुमचा होता. आज सगळ्यांसमोर लिहिते, फार उशिरा लिहिते.

नमस्कार करते. येते.