माशांचा उपास

मी मंचरला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याला गेल्या, तेव्हा त्यांची खाऱ्या पाण्याची माशांची टाकी त्यांनी मला दिली. आत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, तळाला वाळू आणि थोडे दगड. टाकीचं मीठ वेगळं येतं, ते फिल्टरच्या पाण्यात कालवायचं आणि खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर, एवढं त्यांनी बजावलं होतं.

पहिला महिना पाणी निवळशंख होतं. मग एका सकाळी ते ताकाचं भांडं विसळल्यासारखं दिसलं. खारेपणा मोजला, तो बरोबर होता. थोडं पाणी बदललं की तीन-चार दिवस बरे जात, मग पुन्हा तेच.

एकदा लॅबची वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. माझे सासरे टाकीपुढे स्टुलावर बसले होते आणि भाकरी चुरून पाण्यात सोडत होते. गुडघे जाईपर्यंत त्यांनी मेंढरं राखली होती. मी विचारलं, "मामा, किती वेळा घालता?"

"वर तोंड करत्यात तवा."

ते मासे तर माणूस जवळ आलं की वर तोंड करत. मला राग आला होता, पण आवाज चढवला नाही. उरलेलं खाली कुजतं, त्यानेच पाणी दुधाळ होतंय, आता तीन दिवस काहीच घालायचं नाही, असं सांगितलं.

"मुक्या जीवाला उपाशी ठिवायचं, आन् पानी चांगलं करायचं?"

मी नुसतं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते बेल्ह्याला लेकीकडे गेले. आमच्या ह्यांनी मला बोल लावला, आणि तो मला लागलाही. तरी मी खाणं घातलं नाही. नळीने तळ ओढून घेतला, तर भाकरीचा करडा गाळ अर्धी बादली निघाला. उपासाच्या दुसऱ्या दिवशी मासे दगडांना टोचे मारत होते. ते बघवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी टाकीमागच्या कॅलेंडरवरचे आकडे पाण्यातून वाचता आले.

चौथ्या दिवशी मामा परत आले. पिशवी हातात तशीच धरून टाकीपाशी उभे राहिले.

"कवळा पाला लई झाला की मेंढरू फुगतं," ते म्हणाले. "तवा आमीबी चारा बंद करायचो. मला का ठावं न्हाई, पोरी? पन माझ्याजवळ येतंय कोन आता? हे येत्यात."

मी चहा ठेवला.

पुढे आठवडाभर ते ओट्यावरच बसत, टाकीकडे फिरकत नसत. रविवारी पाणी बदलताना नळीचं बादलीकडचं टोक धरायला मी हाक मारली, तेव्हा आले. बादली अर्धी भरली. मग नळी जरा वर धर म्हणाले, वाळू येतीये.